सातवं पान राहून गेलं

९ जानेवारी, शुक्रवार

दादा आला. दोन बॅगा, एक छत्री आणि पुस्तकांचं खोकं. वाचता येत नाही, तरी खोकं! मी ते खाटेखाली सरकवलं.

त्याच्या डोळ्यांचं असं झालंय, की मधलं गेलंय आणि कडेचं राहिलंय. ज्याच्याकडे बघावं तेच दिसत नाही. आहे ते टिकेल, गेलेलं येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. दारात उभा राहून माझ्याकडे बघत होता, म्हणजे माझ्या शेजारच्या भिंतीकडे. म्हणाला, "तुझे कान बाबांसारखे आहेत हे मला एकाहत्तराव्या वर्षी कळतंय."

आतली खोली त्याला दिली. यांचं कपाट रिकामं करायला गेले आणि हात न लावता परत आले. वर्ष आणि चार महिने झाले यांना जाऊन. शर्ट अजून हँगरलाच आहेत. शेवटी दादाचे कपडे खुर्चीवर रचले. तो म्हणाला, खुर्चीच बरी, चटकन हाताला लागते.

१० जानेवारी, शनिवार

सकाळी चहाबरोबर पेपर वाचून दाखवला. आता हे रोजचं काम माझं.

चौतीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलेला माणूस. पेपर ऐकायला बसतो तोही वह्या तपासायला बसल्यासारखा. क्रम त्यानेच ठरवला — आधी पहिलं पान पूर्ण, मग अग्रलेख, मग सातवं पान. सातव्यावर सगळं सरकारी असतं. कायदे, निविदा, जाहीर सूचना. बारीक अक्षर, एक चित्र नाही. मी विचारलं, आणि तिसरं? तिसरं म्हणजे नट-नट्यांचं. तर म्हणे, ते तू तुझ्या वेळात वाच.

माझ्या वेळात! मला दुसरं काय काम आहे आता?

१७ जानेवारी, शनिवार

अग्रलेख वाचता वाचता मलाच डुलकी लागली. दादाने शेवटचं वाक्य स्वतःच पुरं केलं.

२२ जानेवारी, गुरुवार

पुढची खोली झाडली. पार्लर बंद केल्यापासून तिथे कोणी बसत नाही. दोन खुर्च्या, दोन आरसे, डोक्यावर घ्यायचा तो मोठा ड्रायर. कोपऱ्यात सिनेमाच्या साप्ताहिकांचा ढीग, माझ्या कमरेइतका. वरचा अंक ज्या आठवड्यात हे गेले त्या आठवड्याचा. त्यानंतर मी घेतलाच नाही.

तीस वर्षं चालवलं मी हे. माझ्या खुर्चीत बसलेली बाई पहिल्यांदा काय विचारायची? "ताई, त्या दोघांचं खरंच काही आहे का हो?" कोणत्या दोघांचं ते सांगावं लागायचं नाही. मी कात्री चालवत चालवत सांगायची. केस ओले असेपर्यंत नट-नट्या. मग ड्रायरखाली गेल्या की त्यांना ऐकू यायचं नाही आणि आपण ओरडतोय हे कळायचंही नाही! तिथे बसून बायका मंत्र्यांना शिव्या घालायच्या. साखर का महागली, दवाखान्यात डॉक्टर का नाही, कुठल्या मंत्र्याच्या जावयाला कुठलं कंत्राट मिळालं — सगळं खड्या आवाजात, रस्त्यापर्यंत. हे बाहेरून यायचे आणि दारातच म्हणायचे, "आज सरकार पडलं वाटतं!" तेवढ्यावर पुन्हा हसणं.

दादा तेव्हा इथे फारसा येत नसे. आला तर मागच्या दाराने. एकदा म्हणाला होता, देश कुठे चाललाय आणि तुम्ही कुणाच्या वेण्या मोजताय. ते मला लागलं होतं. आज त्याच्यासाठी बिनसाखरेचा चहा करताना आठवलं आणि थोडं हसू आलं.

संध्याकाळी तो कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे जाऊन बसतो. तेवढाच त्याला फेरफटका. त्याचा आणि औषधवाल्याचा सूर जमलाय.

३ फेब्रुवारी, मंगळवार

तह झाला. सगळं वाचून झाल्यावर, वेळ उरला तर, तिसऱ्या पानावरची एक बातमी. एकच.

आज एक वाचली. एका नटीने बंगल्याला लावलेला रंग शेजाऱ्यांना आवडला नाही, प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं. दादाने पाच प्रश्न विचारले. परवानगी कोणाची लागते? शेजाऱ्याचा हक्क कुठपर्यंत? मी म्हटलं, दादा, ही नागरिकशास्त्राची तासिका नाही. तो म्हणाला, मग रंग कुठला होता ते सांग.

जांभळा. मला माहीत होतं!

११ फेब्रुवारी, बुधवार

गॉगलवाला आणि हसरी वेगळे होणार!

घरात आम्ही त्यांना याच नावांनी ओळखतो. म्हणजे मी आणि हे ओळखायचो. बावीस वर्षं तो नट घरातसुद्धा गॉगल काढत नाही आणि ती कुठल्याही फोटोत हसल्याशिवाय नसते. त्यांचं लग्न झालं त्या दिवशी पार्लरमध्ये एकीने पेढ्यासारखे बिस्किटांचे पुडे वाटले होते.

बातमी पहिल्याच पानावर. दादाला म्हटलं, पहिल्या पानावर आहे म्हणजे तुझ्या नियमात बसते. तो मान हलवून म्हणाला, वाच. मग तिसरं पान अख्खं त्यांचंच. हसरीने कोर्टात लिहून दिलंय, की नवरा बाहेर निघताना आरशासमोर एक तास वीस मिनिटं लावतो आणि ती अकरा वर्षं दारात चपला घालून उभी आहे. मी म्हटलं, अरे, टोप आहे तो! टोप चिकटवायला तेवढा वेळ लागतोच. तीस वर्षं केसांत हात आहेत माझे. कपाळावरची ती रेघ बघ ना —

"मला रेघ दिसत असती तर मी तुझ्याकडे राहायला आलो असतो का?" दादा म्हणाला.

आधी मी दचकले. मग तोच हसायला लागला आणि मग मला आवरेना. चहा नाकात गेला. डोळ्यांतून पाणी. तो म्हणाला, "तो आरशाचा भाग पुन्हा वाच." पुन्हा वाचला. गॉगलवाल्याचा आवाज काढून वाचला. अकरा वाजून गेले.

सातवं पान राहिलं. घडी घालत होते तेवढ्यात त्याने विचारलं, "सातव्यावर काय?"

"काही नाही रे. निविदाच आहेत."

मी उघडून पाहिलंसुद्धा नव्हतं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आजही तेच दोघं. हसरीच्या आईची मुलाखत. दादाने स्वतः विचारलं, "पुढे काय झालं?"

२० फेब्रुवारी, शुक्रवार

आता दादा सकाळी उठल्या उठल्या, "सासूबाई काय म्हणतात?" मी पहिलं पान भराभर वाचते, अग्रलेखाचा पहिला आणि शेवटचा परिच्छेद. सातवं — मथळे. त्याची तक्रार नाही. मला बरं वाटतंय. बऱ्याच दिवसांनी सकाळी जाग येते तेव्हा काहीतरी करायचं आहे असं वाटतं.

२ मार्च, सोमवार

भांडी तशीच टाकून लिहायला बसले.

दुपारी दादाच्या जुन्या शाळेची मुख्याध्यापिका आली. त्याचीच विद्यार्थिनी, आता पन्नाशीची. दादा झोपला होता. ती पुढच्या खोलीत बसली, पाणी प्यायली आणि हळूच म्हणाली, सर काही बोलले नाहीत म्हणून मीच आले. कशाबद्दल, मी विचारलं. तिला नवल वाटलं. "ताई, सर तर रोज पेपर ऐकतात ना?"

नवा कायदा झालाय. देशभरात साठांहून कमी मुलं असलेल्या शाळा जवळच्या मोठ्या शाळेत मिळवून टाकायच्या. दादाच्या शाळेत सत्तेचाळीस मुलं. कोणाला आक्षेप असेल तर पंधरा दिवसांत लेखी द्यायचा होता. मुख्याध्यापिकेला नोकरीमुळे देता येत नाही, कोणाला सांगायचीही मनाई. पालक दिवसभर कामावर, सातवं पान कोण वाचतो? तिने आशा धरली होती ती फक्त सरांची. सव्वीस फेब्रुवारीला मुदत संपली.

सूचना कधी आली होती, विचारलं.

अकरा फेब्रुवारीला.

ती गेल्यावर रद्दी उपसली. तो पेपर स्वयंपाकघरातल्या फडताळात अंथरला होता, डब्यांखाली. डबे काढले. सातवं पान, डावीकडे खाली. तीन बोटं रुंद चौकट. शाळांची यादी. दादाच्या शाळेचं नाव चौथं. त्यावर तेलाचा डाग.

चौतीस वर्षं. शाळेला छप्पर नव्हतं तेव्हापासून तो तिथे. आणि मी काय म्हटलं? निविदाच आहेत!

३ मार्च, मंगळवार

सांगून टाकलं. चहाआधीच. त्या दिवशी सातवं पान उघडलंच नव्हतं, हेही सांगितलं. खोटं बोलले म्हटलं. गॉगलवाल्याच्या नादात तुझी शाळा घालवली म्हटलं.

 ओरडला असता तर बरं. तो रिकाम्या कपाची कड चाचपत म्हणाला, "मग आता काय करायचं म्हणतेस?"

वर्गात चुकलेल्या पोराला विचारावं तसं. राग नाही, पण सुटकाही नाही. मी म्हटलं, मुदत संपली. तो म्हणाला, मुदत संपली, माणसं संपली नाहीत. कार्यालयात जाऊन विचार तर.

मी म्हटलं, माझं कोण ऐकणार? मी वेण्या मोजणारी. (तेच शब्द निघाले तोंडातून. तीस वर्षं आत बसले होते.)

त्याला आठवलं असावं. मान खाली घातली.

५ मार्च, गुरुवार

आज पेपर बाजूलाच राहिला. दादाने आईचं काढलं.

खाणीच्या गावातलं आमचं घर. बाबा खाणीच्या ऑफिसात कारकून. संध्याकाळी तिथलाच पेपर घरी आणायचे. घरात आला की पेपरचे दोन तुकडे व्हायचे. बाहेरचा कागद बाबांचा, आतला आईचा. आईला वाचता येत नव्हतं. ती चित्रं बघायची आणि दादाला विचारायची, खाली काय लिहिलंय? हे मला माहीत आहे. पुढचं माहीत नव्हतं. मी तेव्हा तीन वर्षांची.

दादा अकरा वर्षांचा. त्याने ठरवलं, आईला शिकवायचं. बालवाचन घेऊन बसला. घ घराचा. आई म्हणाली, "घर मी रोज झाडते. ते वाचून काय करू?" चार दिवसांत पुस्तक मिटलं. मग त्याने तिसरं पान कापलं. नट्यांची नावं, मोठ्या अक्षरांतले मथळे, पिठाच्या खळीने पुठ्ठ्यावर चिकटवले. पंधरा दिवसांत आईने पहिला मथळा आपला आपण वाचला. "दोघांचं बिनसलं." बि-न-स-लं. बोट ठेवून. आणि मग विचारलं, का?

का ते कळायला खालचं बारीक अक्षर वाचावं लागलं. असं करत करत ती वाचायला लागली.

मग खाणीत पाणी शिरलं ते वर्ष. हे मला अंधुक आठवतं, बायकांची गर्दी. बाबा तीन दिवस ऑफिसातून घरी आले नाहीत. चौथ्या दिवशी पहिल्या पानावर नावांची यादी आली. चाळीत वाचता येणारे सगळे पुरुष खाणीवर. यादी आईने वाचली. उंबऱ्यात उभी राहून, बोट ठेवून, एकेक नाव. एकतीस नावं. शेजारच्या काकूंच्या नवऱ्याचं एकोणिसावं. दादा सांगत होता, आई त्या नावापाशी थांबली नाही. त्याच आवाजात वाचलं आणि पुढे गेली. यादी संपल्यावर खाली बसली आणि काकूंना जवळ घेतलं.

पुढे पंधरा-वीस दिवस आतला कागद कोणी उघडला नाही. मग एका दुपारी काकूच आल्या. भिंतीला टेकून बसल्या. आईला म्हणाल्या, "त्या दोघांचं पुढे काय झालं गं? वाच जरा."

आणि आईने वाचलं.

दादाने एवढं सांगितलं. मग म्हणाला, "हे मी विसरलो होतो. मास्तर झाल्यावर विसरलो." मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. लहानपणी कधी फिरवला नव्हता, धाक वाटायचा त्याचा.

७ मार्च, शनिवार

पार्लर उघडलं!

काल जुनी वही काढून फोन लावत बसले. चाळीस फोन. शाळा वाचवायला या म्हटलं तर तीन जणी हो म्हणाल्या. मग माझंच मला कळलं. पुढच्या फोनवर म्हटलं, गॉगलवाल्याच्या आरशाचं खरं कारण सांगते, शिवाय कापणं फुकट. खोली भरली. पायरीवर बसल्या.

एकेकीला खुर्चीत घेतलं. केस ओले असेपर्यंत टोपाचं सांगितलं, चिकटवतात कसा ते हातवारे करून दाखवलं. मग ड्रायरखाली बसवून हातात कागद दिला. पण आज ड्रायर चालू केला नाही. म्हटलं, आज हळू बोला आणि लिहा. सगळ्यांनी एकच मजकूर उतरवायचा नाही, हे दादाने आतून ओरडून सांगितलं. जिचं तिने आपलं लिहायचं.

यातल्या अर्ध्या जणी नदीपलीकडच्या, शाळेच्या बाजूच्या. माझ्याकडे तीस वर्षं पुलावरून चालत आलेल्या. मोठी शाळा नदीच्या या बाजूला आहे. म्हणजे शाळा बंद झाली की पोरं त्याच पुलावरून येणार. हे मी कुणाला समजावून सांगितलं नाही. त्यांच्यातल्याच एकीने, बेकरीवालीने, कायदा एकदा वाचला आणि मान वर करून विचारलं, "पुलावरून?"

पायरीवरच्याही आत येऊन कागद मागू लागल्या.

संध्याकाळपर्यंत चौसष्ट कागद. खांदे भरून आलेत. जमिनीवर केसांचा गालिचा. झाडताना यांची आठवण आली, पण बसून राहावंसं वाटलं नाही.

१० मार्च, मंगळवार

कागद झाले एकशे बारा. शिक्षण खात्याच्या कार्यालयात गेले. खिडकीवरचा कारकून म्हणाला, मुदत संपलीय, घेता येत नाही. मी म्हटलं, चूक माझी आहे, शाळेची नाही. तो म्हणाला, बाई, देशभर असंच आहे, कोणी वेळेत वाचतच नाही.

मग काय वाटलं कोणास ठाऊक, त्याने फाईल काढून पाहिली. पाहिली आणि थांबला. या शाळेवर एक आक्षेप वेळेत आला आहे म्हणाला. एक वेळेत आलेला असेल तर सुनावणी घ्यावी लागते. आणि सुनावणी असेल तर बाकीचे कागद त्याला जोडता येतात.

कोणाचा आहे, विचारलं. मूळ कागद साहेबांकडे, इथे फक्त नोंद आहे म्हणाला. अर्ज क्रमांक एक. मुख्याध्यापिकेच्या नवऱ्याने दिला असणार. तिला मनाई आहे, त्याला थोडीच आहे! तो माणूस जो कोणी आहे त्याचं भलं होवो.

पोचेवर शिक्का मारून घेतला. दादाला सांगितलं. तो नुसतं "हं" म्हणाला. मला वाटलं होतं, उडीच मारेल.

२४ मार्च, मंगळवार

सुनावणी. नव्वद बायका आल्या. एकेकीचे केस इतके नीट, की अधिकारीच गडबडला. कुणाच्या लग्नाला निघालात का, असं त्याने विचारलं. तरुण होता, स्वभावाने वाईट नव्हता. त्याच्यापुढे नकाशा होता. शाळा ते शाळा अंतर दीड किलोमीटर, नियमात बसतं, असं त्याने समजावून सांगितलं.

दादा मागे, भिंतीपाशी. बोलला नाही. मी विचारलं, तू बोल ना, तू एवढी वर्षं शिकवलंस. तो म्हणाला, मी शिकवलं, त्या चालल्या आहेत. त्यांना बोलू दे.

बेकरीवाली उठली. पदर सारखा केला. माझ्या पार्लरमध्ये ती सगळ्यात मोठ्याने हसायची. इथे आवाज इतका खाली, की सगळे पुढे झुकले.

"साहेब, मी तीस वर्षं त्या पुलावरून केस कापायला येते. पुलाला फूटपाथ नाही. ट्रक आला की एका हाताने कठडा धरायचा आणि त्यालाच चिकटायचं. मोठ्या बाईलाही धरावा लागतो. माझी नात सहा वर्षांची आहे. तिचा हात कठड्याला पोचत नाही."

अधिकाऱ्याने नकाशाकडे पाहिलं. नकाशात पूल म्हणजे दोन रेघा.

त्याने विचारलं, पूल स्वतः पाहिल्याशिवाय निर्णय देऊ नये असं तुमचं म्हणणं आहे का? नव्वद जणी एकदम हो म्हणाल्या. तो हसला, पण लिहून घेतलं.

२८ मार्च, शनिवार

अधिकारी पुलावरून चालत गेला म्हणे. बेकरीवाली सोबत. ट्रक आला तेव्हा त्यानेही कठडा धरला.

३१ मार्च, मंगळवार

शाळा राहिली! पुलाला फूटपाथ होईपर्यंत मिळवायची नाही, असा निर्णय.

पेपरमध्ये सातव्या पानावर दोन ओळी. मी दोन्ही ओळी दादाला तीनदा वाचून दाखवल्या. त्याखालची ओळही वाचली. देशभरात चारशे अकरा शाळा बंद होणार. आक्षेप आले होते फक्त एकोणीस शाळांवर.

मी पेपर मांडीवर ठेवला.  चारशे अकरा गावांत त्या अकरा फेब्रुवारीच्या सकाळी लोक काय वाचत असतील? तेच, जे आम्ही वाचत होतो. मी त्यांना नावं ठेवू शकत नाही.

पहिल्या पानावर हसरी. कोर्टात पहिल्यांदाच न हसता काढलेला फोटो. दमलेली दिसते बिचारी. केस कोणी कापले कोणास ठाऊक, दोन्ही बाजू सारख्या नाहीत.

२ एप्रिल, गुरुवार

टपालाने निर्णयाची प्रत आली. सोबत सगळे जोडलेले कागद. सगळ्यात वर अर्ज क्रमांक एक.

अक्षर ओळखीचं. रोज बघते. दादाच्या औषधाच्या पाकिटांवर "सकाळी एक, जेवणानंतर" लिहिलेलं असतं ते अक्षर. खाली सही. वाकडीतिकडी, ओळ सोडून वर गेलेली. दादाची सही.

तारीख — ११ फेब्रुवारी.

चपला घालून औषधवाल्याकडे गेले. काउंटरवर कागद ठेवला. तो आधी कागदाकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. म्हणाला, "ताई, सर तर रोज संध्याकाळी माझ्याकडे अख्खा पेपर ऐकतात. आले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. अग्रलेख, सातवं पान, सगळं. मी गिऱ्हाईक बघत बघत वाचतो. सूचना त्याच संध्याकाळी वाचली, त्याच संध्याकाळी त्यांनी सांगितलं तसं लिहून दिलं."

 मग सकाळी माझ्याकडून कशाला ऐकायचा, एवढंच विचारलं.

तो गोळ्यांची पट्टी कापत होता. कापायची थांबवून म्हणाला, "मीही विचारलं होतं. सर म्हणाले, ती वाचते तेव्हा घरात आवाज असतो. तो बंद पडायला नको."

३ एप्रिल, शुक्रवार

सकाळी चहा ठेवला. दादाने विचारलं, पहिल्या पानावर काय आहे?

मी म्हटलं, "ते संध्याकाळी ऐकशीलच. मी तिसरं उघडते."

त्याने खुर्ची ओढून माझ्या जवळ घेतली आणि कान पुढे केला.